निर्बंध उठताना गावाला काय सांगायचं, कसं सांगायचं : नव्या सरपंच-ग्रामसेवकांसाठी

बंद सांगणं सोपं असतं. "उद्यापासून कुणी घराबाहेर पडायचं नाही" ही एक ओळ दवंडीवाल्याने गावभर फिरवली की काम झालं. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा तसंच झालं. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर टाळेबंदी, आणि गावाला समजायला काहीच जड गेलं नाही. जड गेलं ते उघडताना.

३१ मे २०२० चा 'मिशन बिगिन अगेन'चा, म्हणजे टप्प्याटप्प्याने उघडण्याचा, राज्य सरकारचा आदेश आठवा. टीव्हीवर ३, ५ आणि ८ जून असे तीन टप्पे दिवसभर फिरत होते. ते टप्पे ठरावीक महापालिकांसाठी होते. मराठवाड्यातून त्यात तेव्हाचं औरंगाबाद शहर होतं. बाकीच्या भागासाठी त्याच आदेशात वेगळा मजकूर होता : दुकानं ९ ते ५, जिल्ह्याच्या आत निम्म्या प्रवाशांवर एसटी. पण टीव्ही सगळ्यांच्या घरात एकच. केज नाहीतर जिंतूर तालुक्यातल्या खेड्यातला माणूस शहराचे नियम पाठ करून बसायचा आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येऊन विचारायचा, "साहेब, मग आपलंच कामून बंद हाय?"

हा प्रश्न ज्यांना पुढे कधीतरी पहिल्यांदाच झेलायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नवे सरपंच, उपसरपंच, नुकते रुजू झालेले ग्रामसेवक. (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, तलाठ्याचंही ग्राम महसूल अधिकारी झालंय, गाव हाक मारतं जुन्याच नावाने, मीही तेच वापरतो.) १५ जानेवारी २०२१ ला राज्यात १२ हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान झालं, फेब्रुवारीत सरपंच खुर्चीवर बसले आणि पाठोपाठ दुसरी लाट आली. शिकायला सवड कुणालाच मिळाली नाही. पुढच्या साथीतही मिळायची नाही, म्हणून निवांत असताना वाचून ठेवलेलं बरं.

पहिलं काम : आदेश कुणाचा, कुठला आणि कधीचा

व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली की लगेच पुढे ढकलू नका. आधी खाली सही कुणाची ते बघा. साथीत हुकूम चालतो तो मुख्यतः दोन कायद्यांवर : मुंबईतल्या प्लेगनंतर आलेला १८९७ चा साथरोग अधिनियम आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. राज्य सरकार चौकट आखतं आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष, ती लागू करतात. जमावबंदीचं जे कलम १४४ सगळ्यांच्या तोंडी होतं ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झालं आहे. नव्या आदेशात हाच आकडा दिसेल, गोंधळू नका.

मग जावक क्रमांक, तारीख, आणि 'अंमल कधीपासून'. सहीची तारीख आणि अंमलाची तारीख वेगळी असू शकते. त्यानंतर आदेश ग्रामीण भागाला आहे की नगरपालिका-नगरपंचायत हद्दीला, ते शोधा. तालुक्याचं गाव नगरपंचायतीत आणि त्याला चिकटलेली वस्ती ग्रामपंचायतीत, अशी जागा मराठवाड्यात जागोजाग आहे. रस्त्याच्या एका बाजूचं सलून उघडं आणि दुसऱ्या बाजूचं बंद, असं होऊ शकतं. शंका आली तर तहसील कार्यालयात एक फोन करा. जुनाच आदेश नवी तारीख सांगून फिरवणारे महाभाग प्रत्येक गावात असतात.

दुसरी गोष्ट नव्या सरपंचाला पटायला वेळ लागतो : वरून जे बंद आहे ते ग्रामपंचायत ठराव करून उघडू शकत नाही. आणि उलट बाजूलाही मर्यादा आहे. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये कितीतरी गावांनी शिवेवर बाभळीच्या काट्या टाकून, बैलगाडी आडवी लावून रस्ते अडवले. भीती खरी होती. पण त्या काट्यांनी दुधाची गाडी, रुग्णवाहिका आणि बाळंतपणाला निघालेली बाईसुद्धा अडते. उघडण्याचा आदेश आला की पहिली जाहीर सूचना रस्त्याची द्या आणि त्या काट्या दिवसाउजेडी, पोलीस पाटलांना सोबत घेऊन काढा. रात्री गुपचूप काढल्या तर सकाळी परत पडलेल्या असतात.

दुसरं : आदेश गावाच्या आठवड्यात बसवा

खरं काम हे आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या.

उदाहरण ४ जून २०२१ च्या आदेशाचं घेऊ, कारण त्याची रचना पुन्हा वापरली जाण्यासारखी आहे. दुसरी लाट ओसरू लागली तेव्हा राज्याने पाच स्तर केले. दोन आकडे बघायचे : तपासलेल्या शंभर जणांत बाधित किती, आणि ऑक्सिजनच्या शंभर खाटांपैकी भरलेल्या किती. बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या, तर पहिला स्तर, जवळपास सगळं खुलं. प्रमाण २० टक्क्यांच्या वर किंवा खाटा ७५ टक्क्यांहून जास्त भरलेल्या, तर पाचवा, जवळपास सगळं बंद. आकडे गुरुवारी यायचे, नवा स्तर सोमवारपासून. म्हणजे गावाला सांगायला तुमच्या हातात शुक्रवार, शनिवार, रविवार. हे तीन दिवस वाया घालवले की सोमवारी सकाळी गिरणीवर भांडण ठरलेलं.

आदेश ७ जूनपासून लागू झाला, ऐन मृगाच्या तोंडावर. गावाला त्यात व्यायामशाळा आणि चित्रपटगृहाचं काय लिहिलंय याच्याशी घेणं नव्हतं. गाव विचारत होतं : सोयाबीनच्या बियाण्याचं दुकान कितीपर्यंत? पीककर्जाच्या कागदाला बँकेत जाता येईल का? धान्याचा मोंढा चालू आहे का? शेजारच्या जिल्ह्यात जाता येईल का? रेणापूरकडच्या माणसाला दवाखान्यासाठी अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ सरकारी रुग्णालय) जवळ, तर अंबाजोगाईच्या विद्यार्थ्याला शिकवणीसाठी लातूर. त्याच्या लेखी जिल्ह्याची हद्द कागदावरच असते, पण स्तर जिल्ह्यावर ठरत होते.

म्हणून आदेश समोर ठेवून कोरा कागद घ्या आणि आपल्या गावातल्या माणसांची नावं नव्हे, कामं लिहा : किराणा, दूध संकलन, पिठाची गिरणी, कृषी सेवा केंद्र, सलून, चहाचं हॉटेल, काळी-पिवळी, आठवडी बाजार, लग्नघर, माती (अंत्यविधी) आणि दहावा, भजनी मंडळ, मशिदीतली नमाज, अंगणवाडी, शाळा, बँक मित्र, गवंडी आणि मजूर. प्रत्येकापुढे आदेशातलं एकच वाक्य. तिसऱ्या स्तरासाठी तो कागद साधारण असा दिसेल : किराणा, रोज दुपारी ४ पर्यंत. कापड-भांड्याचं दुकान, सोमवार ते शुक्रवार ४ पर्यंत. लग्न, ५० माणसं. माती, २० माणसं. ज्या कामापुढे आदेशात काहीच सापडत नाही तिथे स्वतःच्या मनाने 'चालू' लिहू नका. 'विचारलं आहे, अमुक वारी सांगतो' लिहा, आणि त्या वारी खरंच सांगा. माहिती नसल्याचं गाव समजून घेतं. सलूनवाल्याला सकाळी हो आणि दुपारी नाही म्हटलेलं मात्र वर्षभर विसरत नाही.

शाळेचं वेगळं सांगतो, कारण तिथे निर्णयाचा काही भाग खरोखर गावाच्या हातात आला होता. जुलै २०२१ मध्ये कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायची परवानगी मिळाली. अट होती की गावात किमान महिनाभर एकही रुग्ण नसावा, आणि ठरवायला सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती. अशा वेळी पालकांना दोन गोष्टी आधी कळल्या पाहिजेत : वर्ग कसे भरणार, आणि गावात रुग्ण निघाला तर शाळा कोण, किती तासांत बंद करणार. शाळेच्या खोल्यांत विलगीकरण केलं असेल तर त्या धुऊन, निर्जंतुक करून घेतल्या आहेत हे नुसतं सांगू नका. शनिवारी चार आयांना बोलावून खोल्या दाखवा. आईचा विश्वास बसला की लेकरू शाळेत येतं.

तिसरं : भोंग्याआधी बैठक

अर्ध्या तासाची. पोलीस पाटील, आशाताई, नर्सबाई, मुख्याध्यापक, रेशन दुकानदार, देवस्थानाचे आणि मशिदीचे एकेक जण, दुकानदारांतला एक. मोकळ्या जागेत, अंतर ठेवून. यांना बातमी भोंग्यावरून कळली तर ते तुमच्यासोबत उभे राहत नाहीत. गावात खरोखर किती घरं आजारी आहेत हे कागदापेक्षा आशाताईला जास्त माहीत असतं, तेव्हा तिला शेवटी नाही, पहिल्यांदा बोलू द्या. एवढंच.

चौथं : सांगायचं कसं

दवंडी, देवळाचा किंवा ग्रामपंचायतीचा भोंगा, घंटागाडीवरची ध्वनिमुद्रित सूचना, ग्रामपंचायतीचा फलक, व्हॉट्सअॅप गट. एकावर विसंबू नका. व्हॉट्सअॅपवर बातमी लवकर पोचते, पण ती तरण्या पोरांच्या फोनमध्ये; घरातल्या म्हातारीला जी माहिती हवी ती नातवाच्या खिशात पडून राहते. भोंगा सगळ्यांना ऐकू जातो, पण ऐकलेलं संध्याकाळपर्यंत निम्मं विसरलं जातं. फलक कुणी उठून वाचायला येत नाही, पण वाद झाला की सगळे तिथेच येतात. म्हणून भोंग्यावर थोडक्यात आणि फलकावर सविस्तर.

वेळ सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. मधल्या वेळेत गाव शेतात असतं. लाईट जाण्याचं वेळापत्रक बघून ठेवा, नाहीतर नेमकं 'दुकानं चालू' म्हणून झाल्यावर वीज जाते आणि 'चारपर्यंतच' राहून जातं.

भोंग्यावरचा मजकूर लिहून काढा आणि लिहिलेलाच वाचा. नमुना :

"ग्रामस्थांनो, ऐका. सोमवारपासून गावातली सगळी दुकानं दुपारी चारपर्यंत उघडी राहतील. शनिवार-रविवार फक्त किराणा, दूध आणि औषधाचं दुकान. गुरुवारचा बाजार या आठवड्यात भरणार नाही. पुढच्या गुरुवारचं काय, ते येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता सांगू. लग्नाला पन्नास माणसं, मातीला वीस. ताप, खोकला असेल तर आशाताईला सांगा, घरात लपवू नका. मदतीची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली आहे."

बघा, यात 'अनुज्ञेय', 'आस्थापना', 'उपरोक्त' असलं काही नाही. जे बंद आहे त्याचं पुढे कधी कळणार, त्याचा वार आणि वेळ आहे. माझ्या अनुभवात लोक निर्बंधापेक्षा अधांतरीपणाला जास्त वैतागतात. बाजार आणखी एक आठवडा बंद, हे भाजीवाली बाई सोसते. माल तोडायचा की शेतात ठेवायचा हेच तिला कळत नसेल, तर मात्र तिचा संताप रास्त आहे.

एक गोष्ट भोंग्यावरून कधीही जाऊ द्यायची नाही : रुग्णाचं नाव, घर, गल्ली. "अमक्याच्या घरी निघालाय, तिकडे जाऊ नका" असं एकदा जाहीर झालं की पुढचा माणूस तपासणीलाच येत नाही, आणि मग तुमच्या सगळ्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

आता ज्यांच्यापर्यंत भोंग्याचा आवाज जात नाही ते. मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत हे लोक बरेच असतात आणि नवा माणूस नेमका इथेच कमी पडतो. आखाड्यावर, शेतवस्तीवर राहणारी कुटुंबं : त्यांना दूध घालायला येणाऱ्या माणसाकडून निरोप. तांडा : तिथे नायकाला आणि कारभाऱ्याला आधी भेटा, आणि सांगणारा बंजाऱ्यांची गोरबोली बोलणारा असेल तर उत्तम. गावाबाहेरची पालं : त्यांची नावं तुमच्या कुठल्याच यादीत नसतात, म्हणून स्वतः जा. मुस्लिम मोहल्ल्यात वयस्क बायका दखनी बोलतात. मशिदीच्या भोंग्यावरून त्यांच्या बोलीत सांगितलेलं आणि एका फलकावर उर्दूत लिहिलेलं पटकन पोचतं.

आणि ऊसतोड. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडची कितीतरी घरं दिवाळीच्या सुमाराला कुलूप लावून कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. २०२० मध्ये हजारो टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात अडकल्या होत्या. १७ एप्रिलला सरकारने त्यांना घरी यायची परवानगी दिली, तेव्हा गावात त्यांच्या राहण्याची, तपासणीची तयारी काही ठिकाणी होती, बऱ्याच ठिकाणी नव्हती. त्यांचं गावात नसणं म्हणजे ते गावचे नसणं नव्हे. मुकादमाचे फोन नंबर आत्ताच एका वहीत लिहून ठेवा. उघडण्याची बातमी टोळीपर्यंत त्याच फोनवरून जाईल : कधी निघता येईल, कागद कोणता लागेल, गावात आल्यावर कुठे उतरायचं. अर्धवट बातमीवर माणसं चालत निघतात. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून गावाकडे, मध्य प्रदेशला जायची गाडी मिळेल या आशेवर भुसावळकडे चालत निघाले होते. गाडी कुठून, कधी आणि कुणासाठी सुटते एवढी साधी माहिती माणसापर्यंत वेळेत पोचवणं हे तुमच्या कामात येतं, मग तो माणूस तुमच्या गावचा मतदार असो वा नसो.

पाचवं : मदतीची यादी

'शासनाच्या विविध योजनांचा लाभ घ्यावा' हे वाक्य भिंतीवर लिहू नका. त्याने कुणाचंही पोट भरत नाही. प्रत्येक मदतीपुढे पाच गोष्टी हव्यात : कुणाला, किती, कुठे, कोणता कागद, कोणत्या तारखेपर्यंत. पाचपैकी एक जरी गाळलीत तरी माणसाची एक फेरी वाया जाते, आणि तालुक्याच्या फेरीला मजुराचा दिवस बुडतो.

रेशन. २०२० मध्ये सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच झाली. अंत्योदयला कार्डामागे महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो हे नेहमीचं धान्य, तेव्हा गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोने मिळायचं. त्यावर केंद्राच्या गरीब कल्याण अन्न योजनेचं माणशी ५ किलो फुकट. दोन्ही एकाच महिन्यात, कधी एका खेपेला तर कधी दोन. लोकांनी ऐकलेलं 'फुकट', दुकानदार मागतोय पैसे, झाला तंटा. केशरी कार्डवाल्यांना त्या मे-जूनमध्ये राज्याने माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी दिला, ते तिसरंच. अशा वेळी दुकानाच्या दारावर तीन वेगवेगळे कागद लावा, तीन रंगांत लिहा, आणि वाटपाच्या दिवशी स्वतः तासभर तिथे उभे राहा. दुकानदार खरा असेल तर त्याला आधार होतो, नसेल तर त्यालाही कळतं. पुण्या-मुंबईहून परतलेल्यांना हे सांगा की कार्ड एका गावचं असलं तरी ऑनलाइन असेल तर धान्य दुसऱ्या दुकानातूनही उचलता येतं.

रोजगार. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याला रोजगार हमी शिकवली, त्यामुळे 'हमीचं काम' हे शब्द इथे समजावावे लागत नाहीत. समजावावं लागतं ते हे : काम तोंडी मागून मिळत नाही. २०२० मध्ये शहरातून परतलेल्या कितीतरी तरुणांकडे जॉबकार्डच नव्हतं, आणि त्यांना वाटायचं नाव सांगितलं की झालं. लेखी मागणी आणि तारीख घातलेली पोच, या दोन्ही गोष्टी मनरेगात कळीच्या. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्त्याचा हक्क त्या पोचेवरच उभा राहत होता. योजनेचं नाव आणि नियम बदलले तरी पोच द्यायची सवय सोडू नका. काही जुने लोक पोच द्यायला का टाळाटाळ करतात, ते तुम्हाला लवकरच कळेल.

दवाखाना. १०८ रुग्णवाहिका, १०२ गरोदर माता आणि बाळांसाठी, १०४ आरोग्य सल्ला, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, ११२ तातडीची मदत, १०९८ मुलांसाठी. मन खचलेल्यांसाठी १४४१६, टेलिमानस. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, म्हणजे मागच्या साथीच्या ऐन कहरात ती नव्हती. हे आकडे फलकावर वीतभर उंचीचे रंगवून घ्या, कागद पावसात टिकत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२० मध्ये राज्यातल्या सगळ्याच रहिवाशांना लागू केली होती, पण पांढऱ्या कार्डवाल्या कितीतरी घरांना ते बिल भरून झाल्यावर समजलं. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो, दाखल होतानाच त्याला गाठा, एवढं एक वाक्य यादीत असतं तर पैसे वाचले असते.

ज्यांच्या घरी माणूस गेलं. इथे घाई करू नका आणि हे भोंग्यावरूनही सांगू नका. घरी जाऊन, बसून सांगा. पहिली अडचण मृत्यूच्या दाखल्याची. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. माणूस घाटी या सरकारी रुग्णालयात दगावला असेल तर दाखला छत्रपती संभाजीनगरहून मिळेल, तुमच्या ग्रामपंचायतीतून नाही. कुटुंब तुमच्याकडे चकरा मारत राहतं आणि तुम्ही 'बघू' म्हणत राहता, असं होऊ देऊ नका. गावात घरी मृत्यू झाला असेल तर नोंद २१ दिवसांत, आणि निबंधक म्हणजे ग्रामसेवकच. दाखल्यावरचं नाव आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. मृत्यूचं वैद्यकीय कारण त्या दाखल्यावर नसतं, त्याचं प्रमाणपत्र रुग्णालयाकडून वेगळं मागावं लागतं. कोविडने गेलेल्याच्या वारसाला ५० हजार रुपयांचं सानुग्रह साहाय्य जाहीर झालं तेव्हा खूप कुटुंबं याच कागदावर अडली. दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाखांची मुदत ठेव दिली, ते काम महिला व बालविकास खात्याकडे होतं. एक पालक गेला असेल तर बालसंगोपन योजना, आणि विधवा बाईसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला. तिच्या नावावर बँक खातं आहे का, रेशनकार्ड आणि सातबारावर तिचं नाव लागलंय का, हे विचारणारं तुमच्याशिवाय सहसा कुणी नसतं. सासरचे स्वतःहून सांगतील या भ्रमात राहू नका.

सहावं : अफवा आणि धाक

२०२१ च्या उन्हाळ्यात "लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो" हा मजकूर तांड्यापर्यंत पोचला होता. भोंग्यावरून "अफवांवर विश्वास ठेवू नका" म्हटल्याने ज्यांनी अफवा ऐकली नव्हती त्यांनाही ती समजते. त्यापेक्षा लस घेऊन आठवडाभर शेतात राबलेल्या गावातल्याच चार माणसांना पारावर बसवा. त्यात एक सुईण किंवा देवऋषी असेल तर फारच छान.

धाकाचा आदेशही कधी वरून येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात असाच निघाला : लशीची किमान एक मात्रा घेतलेली नसेल तर रेशन, गॅस, पेट्रोल नाही. तो बरा की वाईट यावर पारावर चर्चा होऊ द्या, तुम्ही त्यात पडू नका. पण गावाला सांगताना सुरुवात 'पेट्रोल मिळणार नाही'पासून केलीत, तर लोकांच्या कानात तेवढंच राहतं. 'उद्या सकाळी नऊपासून उपकेंद्रात लस आहे, आधार घेऊन या, आखाड्यावरच्यांसाठी दुपारी गाडी येईल' हे आधी सांगा, आणि मग आदेश.

सातवं : परत बंद झालं तर

होतं. जून २०२१ चे पाच स्तर लागू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २५ जूनला सुधारित आदेश आला की कुठलाही जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली धरायचा नाही. पहिल्या स्तरात मोकळे झालेले लोक पुन्हा चारच्या वेळेत आले. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ तारखेपासून उघडायला लागल्या. देवळं तर दोनदा उघडली : १६ नोव्हेंबर २०२० ला दिवाळीच्या पाडव्याला, आणि मध्ये पुन्हा बंद राहून ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला. तुळजापूरच्या वाटेवर पेढे, कुंकू, कवड्यांच्या माळा विकणाऱ्या माणसाने पहिल्या वेळी माल भरला आणि दुसऱ्या वेळी भरायला तो धजत नव्हता, यात नवल नाही.

म्हणून उघडताना 'आता झालं, सुटलो' हा सूर लावू नका, मंडप घालून सत्कार तर मुळीच नको. कोणता आकडा वाढला तर काय परत बंद होईल, हे उघडण्याच्या सूचनेतच घाला. परत बंद करायची वेळ आली तर कारण आधी सांगा आणि बंद नंतर. दुकानदारांना भोंग्याच्या किमान काही तास अगोदर कळवा, नासणारा माल असतो. लग्नघर असेल तर सरपंचांनी स्वतः जावं. पन्नासातले कोण आणि कोण नाही, ही यादी मात्र करून देऊ नका; तो त्या घराचा प्रश्न.

नोंदी

एक वही पुरे. आदेश कधी मिळाला, कुठल्या मार्गाने किती वाजता सांगितला, कुणी काय विचारलं, काय उत्तर दिलं. फलकाचा रोज एक फोटो. खर्च वित्त आयोगाच्या निधीतून की ग्रामनिधीतून, त्याचा ठराव आणि पावत्या त्याच आठवड्यात लावा. साथ गेल्यावर लेखापरीक्षण येतं आणि तेव्हा कुणालाच काही आठवत नाही. ग्रामसभा घेता येत नव्हत्या त्या काळात झालेले निर्णय पहिल्या ग्रामसभेत वाचून दाखवा, महिलासभेतही.

राज्यातले निर्बंध १ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या तोंडावर पूर्ण उठले. त्यानंतरही कितीतरी ग्रामपंचायतींच्या भिंतीवर 'दुकाने ४ वाजेपर्यंत' तसंच रंगवलेलं होतं. शेवटचा आदेश आला की दोन दिवसांत जुने कागद काढा आणि रंगवलेल्या ओळी चुन्याने पुसा. मदतीची यादी आणि फोनचे आकडे तेवढे राहू द्या, आणि दर सहा महिन्यांनी ते लागतात का, हे एकेक फोन करून बघा.